सकाळी ७.४० चं बेसबॉल: मेजर लीगची ऑडिओ सेवा

बाळ ज. पंडितांच्या मराठी क्रिकेट समालोचनावर ज्यांचे कान तयार झाले, त्यांना बेसबॉल पाहण्यापेक्षा ऐकायला जास्त आवडेल. मेजर लीग म्हणजे अमेरिकी बेसबॉलची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा. तिच्या अॅपवर व्हिडिओचा महाग पास आहे आणि नुसत्या ऑडिओचा बराच स्वस्त. स्वस्तातलाच घ्या.

वेळ तर पुण्यासाठीच ठरवल्यासारखी. लॉस एंजेलिसचा संध्याकाळी ७.१० चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७.४० ला सुरू होतो. कोथरूडहून हिंजवडीला पोचेपर्यंत नऊपैकी चार-पाच इनिंग होतात. वाकडला अडकलात तर सात. न्यूयॉर्कचा ७.०५ चा सामना मात्र पहाटे ४.३५ ला. तो नंतर रेकॉर्डिंगवर ऐका.

प्रत्येक सामन्याला यजमान आणि पाहुणे अशा दोन्ही संघांचं रेडिओ समालोचन मिळतं. टीव्हीचा आवाज लावून काम भागवू नका. चेंडू तुम्हाला दिसतोय हे धरून टीव्हीवाला गप्प बसतो. रेडिओवाल्याला तो कुठे गेला हे सांगावंच लागतं. ‘टू अँड वन’ म्हणजे दोन बॉल (टप्प्याबाहेरचे, न मारलेले चेंडू), एक स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजलेला चेंडू): बॉल आधी. ‘सिक्स-फोर-थ्री’ ऐकून धावा मोजू नका. ते क्षेत्ररक्षकांचे क्रमांक आहेत. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाने, चेंडू दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकला, त्याने पहिल्या बेसवाल्याकडे, आणि दोघं बाद.

आता अडचणी. आवाज मैदानापेक्षा मागे असतो, त्यामुळे स्कोअरची सूचना आधी येऊन षटकारासारख्या होमरनची मजा घालवते. सूचना बंदच ठेवा. पैसे डॉलरमध्ये जातात, म्हणून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे दरमहाची आपोआप कपात अडकू शकते. वर्षाचे पैसे एकदम भरलेले बरे.

खरी तक्रार सेवेबद्दल नाही, खेळाच्या नव्या घड्याळाबद्दल आहे. २०२३ पासून बेसवर एकही धावपटू नसेल तर पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, १५ सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. सरासरी सामना २०२२ मध्ये ३ तास ४ मिनिटांचा होता, तो २ तास ४० मिनिटांवर आला. प्रेक्षक खूश आहेत, पण समालोचकाची गोष्ट अर्ध्यावरच तुटते. समालोचक व्हिन स्कली १९५० ते २०१६ अशी ६७ वर्षं डॉजर्स संघासाठी बोलले, तेही बहुतेक एकटेच. दोन चेंडूंच्या मधल्या फटीत एखाद्या खेळाडूचं अख्खं गाव उभं करायचे. आता त्या फटीत दोन माणसं एकमेकांशी गप्पा मारतात.

कोणतं समालोचन घ्यायचं, याची एक जुनी कसोटी आहे. स्कलींचे गुरू रेड बार्बर माइकजवळ तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू संपली की स्कोअर सांगायचा, कारण कुणीतरी आत्ताच रेडिओ लावलेला असतो. मोबाइलवर वेळ लावून पाहा. पाच-सहा मिनिटं स्कोअरच आला नाही, तर दुसऱ्या संघाचं समालोचन लावा.

आणि मूळ माप कळायला ९ सप्टेंबर १९६५ ची नववी इनिंग यूट्यूबवर ऐका, डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्सच्या परफेक्ट गेमची, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोचू न दिलेल्या सामन्याची. स्कली मधूनमधून घड्याळातली वेळ सांगत राहतात. शेवटचा बॅटर बाद होतो आणि त्यांचा आवाज थांबतो. नेट गेलं समजून फोन चाळू नका, गर्दीचा गजर तेवढा चालू असतो.