फ्रीजमधले तापमान सेन्सर, नऊ महिन्यांनंतर: ती सरळ रेघ मला अजून पटलेली नाही

आमच्या बेळगावच्या वडगावात लाईट गेलेली कानाने कळते. गल्लीतले माग एकदम थांबतात आणि कुठल्या तरी घरातून भांड्याचा आवाज ऐकू यायला लागतो. आम्ही घरात असलो की फ्रीजची काळजी नसते. बाहेर गेलो की मागे काय चाललंय ते कळायला काहीच नव्हतं, म्हणून गेल्या मे महिन्यात दोन तापमान सेन्सर आणि त्यांचा हब, म्हणजे सेन्सरचे आकडे घेऊन इंटरनेटवरून मोबाईलला पाठवणारा डबा, घेतला. सेन्सर प्रत्येकी १,३५० रुपये, हब २,१००. झिगबी नावाच्या बिनतारी सिग्नलवर चालणारे, आत बटणसेल, मोबाईलवर आकडा आणि आलेख. बाकी माहिती खोक्यावर असतेच.

घ्यायचं खरं कारण इन्सुलिन. सासऱ्यांना, आमच्या मामांना, रोज लागतं. इंजेक्शनची न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, आणि एकदा गोठलं तर ते इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी वापरायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात सेन्सरने पैसे वसूल केले असं मला वाटलं. एकेका जागी एकेक दिवस ठेवून पाहिला. दारातल्या अंड्यांच्या खणात, जिथे आम्ही इतकी वर्षं पेनं ठेवत होतो, तिथे स्वयंपाकाच्या वेळी ९ अंश. वरच्या कप्प्यात मागे, थंड हवेच्या झरोक्यासमोर, पहाटे ०.८. म्हणजे एकीकडे जास्त गरम आणि दुसरीकडे गोठायच्या बेतात. मधल्या कप्प्यावर पुढच्या बाजूला दिवसभर ४ ते ५. पेनं त्याच दिवशी तिथे हलवली. एवढ्यावर मी चार जणींना हा सेन्सर घ्या म्हणून सांगून बसले.

मग जुलै आला. नणंदेकडे निपाणीला बारसं होतं. सकाळी आठला निघालो, संध्याकाळी सातला परत. दिवसभरात मी तीनदा मोबाईल उघडून बघितला. तिन्ही वेळा ४.२ अंश आणि बाजूला हिरवी खूण. घरी येऊन फ्रीज उघडला तर दूध फाटलेलं, आणि फ्रीझरमधली मटाराची पिशवी दगडासारखी एकच ढेप. सुटे दाणे वितळून पुन्हा गोठले की अशी ढेप होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नऊला गेलेली लाईट साडेपाचला आली की गं!"

लाईट गेल्यावर राऊटर बंद, हबही बंद. सेन्सर बिचारा बॅटरीवर मोजत होता, पण ऐकायला कोणी नव्हतं. हे मी समजू शकते. पण शेवटचा मिळालेला आकडा साडेआठ तास हिरव्या खुणेसकट दाखवत राहायचा, हे कसं चालेल? आणि रात्री आलेख उघडला तेव्हा जे दिसलं त्याने माझं डोकंच फिरलं. सकाळच्या ४.२ वरून संध्याकाळच्या १३.६ पर्यंत ॲपने पट्टीने मारावी तशी सरळ रेघ ओढली होती. मधला एकही आकडा त्याच्याकडे नाही, तरी रेघ आहे. फ्रीज असा सरळ रेषेत तापत नाही. ८ अंश किती वाजता ओलांडले, पेनं त्याच्या वर किती तास राहिली, हेच मला हवं होतं, आणि तिथेच ॲपने मनाचं लिहिलं. जागा कोरी ठेवली असती तर मी काही बोलले नसते. डॉक्टरांनी सांगितलं, ही पेनं आता फ्रीजबाहेरची समजा आणि चार आठवड्यांत संपवा. तीन पेनं होती, दोन संपली, एक टाकून द्यावं लागलं. ते कचऱ्यात टाकताना मामा नुसते बघत होते.

सेन्सर परत करायची मुदत संपली होती. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की इंटरनेट तपासा. मी पुन्हा लिहिलं की इंटरनेटचा प्रश्न नाही, तुमच्या रेघेचा आहे. त्याला उत्तर आलं नाही.

इलाज शेवटी घरातच होता. इन्व्हर्टर आमच्याकडे आहे, पण त्यावर दिवे आणि पंखेच. राऊटर टीव्हीच्या पॉईंटवर होता, तो इन्व्हर्टरच्या लाईनवर नव्हता. वायरमनला बोलावून तो एक पॉईंट फिरवून घेतला, मजुरीसकट ३५० रुपये. राऊटर, फायबरचा डबा आणि हब तिन्ही त्यावर लावले. यांचा करंट इतका कमी की इन्व्हर्टरला जाणवतसुद्धा नाही. घेणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करावं, मी दोन महिने उशिरा केलं. ऑगस्टमध्ये पुन्हा लाईट गेली तेव्हा मी शहापुरात दुकानात होते. दुपारी एकच्या सुमाराला मोबाईल वाजला, फ्रीज ८ च्या वर. सासूबाईंना फोन केला, "आत्या, पेनं थर्मासमध्ये ठेवा, बर्फाला टॉवेल गुंडाळा, पेनाला बर्फ लागू देऊ नका." पेनं वाचली. दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण चार तास धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवससुद्धा, अर्धा भरलेला एक दिवस, असं सांगतात. फ्रीजबाबत आमचा अनुभव तसाच आला.

खोट्या सूचनांचा त्रासही होता. दार जरा उघडं राहिलं की मोबाईल वाजायचा. नणंद आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिथे लसींच्या फ्रीजचं तापमान रोज दोन वेळा वहीत लिहावं लागतं. ती म्हणाली, "वहिनी, हवेचं मोजू नकोस, वस्तूचं मोज." हवा क्षणात तापते, पेनातलं औषध सावकाश तापतं. मग सेन्सर झिपच्या पिशवीत घालून प्लास्टिकच्या डब्यात अर्धा किलो तांदळात पुरला. स्टीलचा डबा चालत नाही, सिग्नल अडतो. त्या दिवसापासून फ्रीजमधल्या सेन्सरची एकही खोटी सूचना नाही.

फ्रीझरमधला मात्र हवेतच ठेवला आणि बरं झालं. त्याची बॅटरी दुसऱ्याच दिवशी ६१ टक्के दाखवायला लागली. मी घाबरून सेल बदलला, नवा पण ६३. असे दोन सेल घातले, ५० रुपयाला एक. मग गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी काढलेला सेल मीटरवर धरून दाखवला, पूर्ण ३ व्होल्ट. थंडीत सेलचा दाब उतरतो आणि टक्केवारी त्या दाबावरून काढलेली असते. तेव्हा फ्रीझरमधली टक्केवारी बघून सेल टाकू नका. माझा तिसरा सेल अजून चालू आहे.

आता नोव्हेंबरची गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले. डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये मागच्या पाटीआड थंडी तयार करणाऱ्या कॉईलवरचं बर्फ वितळवायला एक हीटर अधूनमधून लागतो. आमच्याकडे दहाअकरा तासांनी लागायचा. आलेखात तेव्हा उंचवटा दिसतो, −१९ वरून −९ पर्यंत चढ आणि अर्ध्या तासात उतार. आतल्या बांगडा मासळीला काही होत नाही, फक्त हवा तापते. म्हणून फ्रीझरची सूचना मी दीड तास थांबून येईल अशी लावली होती.

नोव्हेंबरात उंचवटे बंद झाले. दोन दिवस एकही नाही. मला वाटलं, पुन्हा ती खोटी रेघ. बोटांनी आलेख मोठा केला तर −१८.६, −१८.९, −१८.४, बारीक बारीक हलत होती. म्हणजे सेन्सर खरंच मोजत होता, उंचवटेच नव्हते. चौथ्या दिवशी खालचा फ्रीज ५.८, पाचव्या दिवशी ७, सहाव्याला ९.

मेकॅनिक आला, दाराला हात लावला आणि म्हणाला, "ग्यास खाली आगेतरी, अक्का." म्हणजे गॅस संपलाय, भरायचे ३,२०० रुपये. मी मोबाईल पुढे धरला. म्हटलं, गॅस गेला असता तर वरचा फ्रीझरही गरम झाला असता, तो −१८ वर आहे. खालीच थंडी येत नाही, म्हणजे हवा अडलीय. आणि हा हीटर गेल्या मंगळवारपासून लागलेला नाही, हे बघा. त्याला राग आला. मोबाईल बघून फ्रीज दुरुस्त होत नसतो म्हणाला. मी म्हटलं, मागची पाटी खोला, आत बर्फ नसला तर गॅसचे पैसे देते.

खोलल्यावर कॉईल दिसतच नव्हती. पंख्याच्या तोंडापर्यंत पांढरी लादी, तिच्यात कोथिंबिरीचं एक पान अडकलेलं. गरम पाणी ओतून लादी सोडवायला पाऊण तास लागला. हीटर आणि त्याचा फ्यूज बदलून १,४५० रुपये झाले. जाताना तो आलेखाचा फोटो काढून घेऊन गेला. माझा त्याच्यावर राग राहिला नाही.

जुलैत मी याला एकच तारा देणार होते. आज चार देते. पाचवा त्या रेघेमुळे राखून ठेवलाय आणि ॲप सुधारेपर्यंत देणार नाही. कुठल्याही कंपनीचा सेन्सर घ्या, पण परतीची मुदत संपायच्या आत सेल काढून तासभर बाजूला ठेवा, मग परत घालून आलेख बघा. मधली जागा कोरी दिसली तर ठेवा. रेघ ओढलेली दिसली तर त्याच दिवशी परत पाठवा.