कोलंबसमध्ये ओहायो स्टेटच्या एकाच अमेरिकन फुटबॉल मॅचचं तिकीट परवडणार असेल तर: मिशिगन की सप्टेंबरमधली मोठी मॅच?

ओहायो स्टेटला एमएसला आलेली आपली मुलं दरवर्षी हे विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहितो.

सप्टेंबरची मॅच म्हणजे सीझनच्या सुरुवातीची, कॉन्फरन्सबाहेरची, म्हणजे आपल्या नेहमीच्या गटातल्या नसलेल्या कॉलेजशी. त्यात दोन प्रकार. एक बड्या टीमशी, जशी ३० ऑगस्ट २०२५ ला टेक्सासशी झाली, टेक्सास तेव्हा देशात पहिल्या नंबरवर आणि आपण, म्हणजे ओहायो स्टेट, १४-७ ने जिंकलो, एकेका यार्डासाठी मारामारी. दुसरा प्रकार पैसे देऊन छोट्या टीमला बोलवायचं, पुढच्याच आठवड्यात ग्रॅम्बलिंग स्टेटला ७०-० ने हरवलं, हाफटाइमनंतर बघण्यासारखं काही राहत नाही.

मिशिगनचं तसं नाही, ती शेजारच्या राज्यातली आपली जुनी कट्टर प्रतिस्पर्धी. तिथे रँकिंग चालतच नाही. २०२४ ला मिशिगन पाच मॅच हरून आली होती, आपण दुसऱ्या नंबरवर, आणि आपल्याच मैदानात १३-१० ने हरलो. प्लेऑफ, म्हणजे टायटलसाठीची शेवटची बाद फेरी, त्याच वर्षी १२ टीमचा झाला म्हणून वाचलो, जानेवारीत नोटर डेमला ३४-२३ हरवून नॅशनल टायटलही घेतलं, पण इथल्या जुन्या माणसांना विचारा, टायटलच्या आनंदातही ती हार अजून सलते. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरचा प्रत्येक एम (मिशिगनचा एम) लाल टेपने खोडलेला असतो, एवढं वातावरण दुसऱ्या कुठल्याच मॅचला नसतं.

सप्टेंबरची मोठी मॅच घ्या म्हणणाऱ्यांचा मुद्दाही खरा आहे, अशा मॅचेस पुढे टिकतील का हाच प्रश्न आहे. टेक्सास २०२५ ला ९-३ (९ जिंकल्या, ३ हरल्या) राहिली आणि प्लेऑफच्या बाहेर, त्या तीनातली एक हार कोलंबसची. उलट २०२४ ला इंडियानाने कॉन्फरन्सबाहेर तिन्ही सोप्या टीम घेतल्या, ११-१ केलं आणि आत गेली. हे बघून कुठलं कॉलेज अवघड मॅच ठरवेल? मला याचं मनापासून वाईट वाटतं.

तरी माझं मत मिशिगनच. ती सम वर्षी कोलंबसला येते, म्हणजे फॉलला आलात तर दोन वर्षांत एकदा मिळणारच, तेवढ्यासाठी आधीपासून पैसे बाजूला ठेवा आणि थर्मल घाला, नोव्हेंबरअखेरची थंडी हाडात शिरते. आईबाबा सप्टेंबरपर्यंत राहणार असतील तर मात्र त्यांना छोट्या टीमचीच मॅच दाखवा, ऊन असतं, तिकीट बरंच स्वस्त पडतं आणि बँडचं स्क्रिप्ट ओहायो (चालत चालत मैदानावर Ohio हा शब्द लिहिणं) तेवढंच सुंदर दिसतं.