सेवोफ्लुरेन : फिरत्या भूलतज्ज्ञाचा अभिप्राय

अंबाजोगाई, केज, परळी अशा गावांतील लहान रुग्णालयांत फिरून भूल देणारा मी, भुलीच्या वायूची पारख मुख्यतः एकाच गोष्टीवर करतो : तो रुग्णाचे हृदय आणि रक्तदाब कितपत सांभाळतो. त्या कसोटीवर सेवोफ्लुरेनला पाचपैकी चार गुण.

शिकताना आमच्या हाती हॅलोथेन या जुन्या भुलीच्या वायूचा लाल खुणेचा व्हेपोरायझर (द्रव औषधाची वाफ करून ती मोजून देणारे उपकरण) असे. हॅलोथेन हृदयाच्या स्नायूचे आकुंचनच क्षीण करते, त्यामुळे दाब उतरतो तो हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी झाल्याने. शिवाय हृदय ॲड्रेनलिनला इतके हळवे होते की सर्जनने रक्तस्राव रोखण्यासाठी ते टोचले, की मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे पडण्याची धास्ती असे. दाब सेवोफ्लुरेननेही उतरतो, पण मुख्यतः रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे. नेहमीच्या मात्रेत हृदयाची ताकद बरीचशी शाबूत राहते आणि नाडी फारशी धावत नाही. आयसोफ्लुरेन हा दुसरा वायू स्वस्त आहे, मात्र त्याने नाडी वाढते, जे अरुंद झालेल्या हृदयवाहिन्यांना परवडणारे नाही. डेसफ्लुरेन या तिसऱ्या वायूची मात्रा झपाट्याने वाढवली तर नाडी आणि दाब दोन्ही उसळतात. त्यातून ते 23 अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून त्याला विजेवर तापणारा वेगळा व्हेपोरायझर लागतो. आमच्याकडचा उन्हाळा आणि वीज, दोन्ही पाहता तो विषय तिथेच संपतो.

खरी परीक्षा वृद्धांची. चाळिशीतल्या माणसाला साधारण 2 टक्के मात्रा लागते, तर ऐंशीच्या घरात 1.4च्या आसपास भागते. मे महिन्यात तांड्यावरून आलेले, आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोटही न घेतलेले आणि सकाळी रक्तदाब उतरवणारी टेल्मिसार्टनची गोळी मात्र न चुकता घेतलेले आजोबा टेबलावर असतील, तर तरुणाची मात्रा लावणे म्हणजे दाब कोसळण्याला आमंत्रणच. सरासरी दाब 65च्या खाली जाऊ लागला, की मी व्हेपोरायझरची डायल कमी करतो, सलाईन वाढवतो आणि गरज पडल्यास दाब वाढवणारे मेफेन्टरमिन देतो. वायूचा अंमल लवकर ओसरत असल्याने डायल कमी केल्याचा परिणाम थोड्याच वेळात दिसतो, हा या औषधाचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो.

कापलेला एक गुण किमतीचा आहे. ताज्या वायूचा प्रवाह कमी ठेवून सेवोफ्लुरेनची बाटली पुरवता येते. पण श्वासातील वायूचे प्रमाण दाखवणारा मॉनिटर अनेक ठिकाणी नसतो, आणि त्याच्याविना ती काटकसर मी करत नाही.