विंकलर किट : संशोधनाच्या एमएस्सीसाठी घ्यावं का?

पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीचं दुसरं वर्ष मी पूर्ण संशोधनाचं घेतलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात ही सोय आहे: पहिल्या वर्षी लेक्चर, दुसऱ्या वर्षी फक्त प्रबंध. माझा विषय मुठा आणि मुळा-मुठेच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ. टप्पा खडकवासल्याच्या खालपासून थेऊरपर्यंत. मी मूळची दौंडची. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, भीमा आमच्या गावावरून उजनीला जाते. त्यामुळे विषय शोधत बसावं लागलं नाही.

या वर्षात सगळ्यात जास्त हाताळलेली वस्तू म्हणजे विंकलर पद्धतीचं डीओ किट. असं वर्ष निवडणाऱ्या ज्युनिअर मुलामुलींचा प्रश्न ठरलेला असतो: विभागात डीओ मोजायचा इलेक्ट्रॉनिक मीटर आहे, मग या बाटल्या कशाला? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी तयार डब्यातलं किट घेतलं नाही. पेठेतल्या काचसामानाच्या दुकानातून 300 मिलीच्या, काचेच्या घट्ट झाकणाच्या (बीओडी) बाटल्या, ब्युरेट आणि पिपेट घेतली, रसायनं विभागाच्या स्टोअरमधून मिळाली. बाजारात थेंब मोजायची छोटी तयार किटंही मिळतात. शाळेच्या प्रकल्पाला किंवा नदी स्वच्छतेच्या उपक्रमाला ती छान आहेत. प्रबंधाला मात्र नकोत, कारण एकेका थेंबाची उडी फार मोठी पडते आणि लिटरला 3.6 व 3.9 मिलिग्रॅम यांमधला फरक त्यात हरवतो.

पद्धत जुनी आहे. हंगेरीच्या लायोश विंकलरने ती 1888 मध्ये मांडली आणि आजही मीटर तपासायला तीच वापरतात. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची. मग पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन 2 मिली मँगनीज सल्फेट आणि 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचं, झाकण लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. नंतर सल्फ्युरिक ॲसिडने साका विरघळतो, जितका ऑक्सिजन तितकं आयोडीन सुटतं, आणि ते सोडियम थायोसल्फेटने मोजायचं. स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं. 203 मिली नमुना आणि 0.025 नॉर्मल थायो घेतलं की ब्युरेटवरचा 1 मिली म्हणजेच लिटरला 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन. वेगळं गणित लागत नाही. 200 ऐवजी 203 का? तर रसायनं घालताना बाटलीतलं 4 मिली पाणी बाहेर सांडलेलं असतं. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

मला हे किट आवडतं ते त्या साक्यामुळे. खडकवासल्याच्या खाली बाटली कडक चहासारखी तपकिरी होते. शहर ओलांडून उन्हाळ्यात बंडगार्डनच्या पुढे आलं की रंग फिका पडत जातो, आणि काही ठिकाणी तर बाटली पांढरीफेक राहते. थेऊरकडे एका घाटावर मासेमारी करणारे एक काका माझ्या शेजारी उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "ताई, पाण्यात दूध घातलं का?" मी त्यांना वरच्या भागात भरलेली तपकिरी बाटली दाखवली आणि म्हटलं, "काका, हा रंग म्हणजे माशांचा श्वास. इथल्या पाण्यात तो नाही." ते बराच वेळ दोन्ही बाटल्या हातात धरून होते. मग गेल्या काही वर्षांत कुठले मासे दिसेनासे झाले ते त्यांनी एकेक नाव घेऊन सांगितलं. मी ते सगळं वहीत उतरवलं आणि मार्गदर्शक मॅडमना विचारून प्रबंधात त्याचं वेगळं प्रकरण केलं. मीटरच्या पडद्यावरचा आकडा दाखवून हे बोलणं निघालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण आकड्यांच्या भरवशाचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीच्या पाण्याला किमान 5 आणि मत्स्यजीवनाच्या वर्गाला किमान 4 मिलिग्रॅम डीओ लागतो. तुमचा आकडा 4 च्या आसपास घुटमळत असेल तर तो ठामपणे सांगता आला पाहिजे. मीटरमध्ये हवेचा दाब चुकीचा भरलेला असेल तर सगळी वाचनं एकाच बाजूला सरकतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे. 25 अंशांना समुद्रसपाटीवर पाण्यात 8.26 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आपल्याकडे 7.7 च्या आसपासच. मी प्रत्येक ठिकाणी तीन बाटल्या भरते आणि मीटरचं वाचन त्यांच्याशी ताडून पाहते. तीन बाटल्यांमधला फरक हाच माझ्या त्रुटीचा अंदाज.

आता त्रास. तो आहे, आणि बराच आहे. थायोचं द्रावण ठेवून ठेवून कमजोर होतं, त्यामुळे दर खेपेला डायक्रोमेटने त्याची शक्ती तपासावी लागते. हे टाळलं तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. सांडपाणी जास्त असलेल्या नमुन्यात निळा रंग गेल्यावर थोड्या वेळाने परत येतो. पहिल्यांदा गेला तोच शेवट धरायचा. लोह किंवा क्लोरीन असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. अझाइड विषारी आहे, हातमोजे हवेतच. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घेऊन एसटीत किंवा पीएमपीत कृपा करून चढू नका. मी काठावर पहिली दोन रसायनं घालते, झाकणाभोवती पाणी ठेवून बाटल्या अंधाऱ्या खोक्यात आणते आणि ॲसिड त्याच दिवशी प्रयोगशाळेत घालते. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही. नदीवर संशोधन करून तेच नदीत सोडणं मला सहन होत नाही. आमच्याकडे त्यासाठी वेगळा कॅन ठेवला आहे.

एक गोष्ट या किटने होतच नाही: चोवीस तासांची नोंद. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी डीओ चढतो आणि पहाटे तळाला जातो. मासे मरतात ते बहुतेकदा पहाटे. दर अर्ध्या तासाला बाटली कोण भरणार? तिथे मीटरच हवा, तोही शक्यतो ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने मोजणारा. टोकाला पातळ पडदा (मेंब्रेन) असलेल्या जुन्या प्रोबला साचलेल्या पाण्यात सतत हलवावं लागतं, कारण तो स्वतःच ऑक्सिजन खातो. जलपर्णी दाटलेल्या ठिकाणी तर हे फारच जाणवतं.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात ती चाचणी, करणार असाल तर याच बाटल्या तिथेही चालतात. आपल्याकडे 27 अंशांना तीन दिवसांचा बीओडी करतात, त्यामुळे बाटल्या जितक्या जास्त तितकं बरं. घेताना प्रत्येक झाकण त्याच बाटलीला घट्ट बसतं का ते दुकानातच पाणी भरून बघा, आणि दोन्हींवर सारखाच नंबर कोरून घ्या. झाकणं एकमेकांत मिसळली की बुडबुडा आत शिरलाच. मी बोरोसिलच्या घेतल्या, काच जाड आहे आणि खोक्यात नीट टिकल्या.

ज्यांचा प्रबंध फक्त उपग्रह चित्रांवर किंवा मंडळाच्या जुन्या आकडेवारीवर आहे त्यांनी यावर खर्च करू नये. पण ज्यांना वर्षभर नदीवर जायचं आहे, त्यांनी किमान बारा बाटल्या स्वतःच्या ठेवाव्यात. विभागातल्या बाटल्या पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनाच एकदम लागतात.