चोवीस तासांचा कॅन की एका वेळचा नमुना?

मुतखडा दुसऱ्यांदा झाला आणि डॉक्टरांनी लघवीतील कॅल्शियम तपासायला सांगितले, की रुग्णापुढे दोन वाटा असतात: चोवीस तासांची सगळी लघवी कॅनमध्ये साठवून द्यायची, किंवा एका वेळचा नमुना देऊन कॅल्शियम व क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर काढून घ्यायचे. मी दोन्ही केले आहे. माझा अनुभव एकट्याचा असल्यामुळे तो सर्वांना लागू पडेलच असे नाही, तरीही निर्णय घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल असे वाटते.

सोयीच्या बाबतीत एका वेळच्या नमुन्याला तोड नाही. नौपाड्यातील लॅबमध्ये सकाळी छोटी डबी देऊन मी नेहमीच्या वेळी ऐरोलीची लोकल पकडली होती. लहान मुलांसाठी, किंवा ज्यांना लघवीवर ताबा ठेवणे अवघड जाते अशा वृद्धांसाठी, हाच मार्ग योग्य आहे, कारण अर्धवट साठवलेल्या लघवीचा रिपोर्ट फसवा ठरतो.

मला मात्र या नमुन्याने फार अस्वस्थ केले. उपाशीपोटी दिलेल्या पहिल्या नमुन्यात गुणोत्तर ०.१६ आले, आठवड्याने दुपारच्या जेवणानंतर दिलेल्या दुसऱ्या नमुन्यात ते ०.२३ झाले. मोठ्या माणसांसाठी साधारण ०.२ च्या आसपास मर्यादा धरली जात असल्याने मी एकदा तिच्या अलीकडे होतो आणि एकदा पलीकडे. क्रिएटिनिन दिवसभर बऱ्यापैकी एकसारखे बाहेर पडते, कॅल्शियम मात्र जेवणानुसार कमीजास्त होते, त्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. पण औषध सुरू करायचे की नाही, हा प्रश्न होता तिथेच राहिला आणि शेवटी चोवीस तासांची तपासणी करावीच लागली. पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट झाली तरी गुणोत्तर बिघडू नये, म्हणून क्रिएटिनिनने भागतात; पण त्यामुळेच दिवसभरात लघवी किती झाली, हे त्या आकड्यातून मुळीच कळत नाही, आणि खडे होणाऱ्या माणसाला तर ते आधी कळायला हवे.

चोवीस तासांच्या कॅनचा त्रास खराच आहे. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, वेळ लिहून ठेवायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत एकही वेळ चुकवायची नाही. कॅल्शियम तळाशी बसू नये म्हणून माझ्या कॅनमध्ये आधीच हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेले होते. झाकण उघडताच त्याचा उग्र वास नाकात जाई, म्हणून लघवी आधी मगमध्ये घेऊन मग जपून ओतावी लागे. मी रविवार टाळून कामाचा दिवस निवडला, कारण घरी असताना मी आपोआप जास्त पाणी पितो. ऑफिसात झाकणाची बाटली नेली आणि घरी आल्यावर ती कॅनमध्ये रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनवरच्या खुणा पाहिल्या, तेव्हा लघवी सव्वा लिटरलाही पोचली नव्हती. रोज अडीच लिटर लघवी व्हायला हवी, असे डॉक्टर वर्षभर सांगत होते आणि आपले तेवढे होत असणार, असे मी मनापासून मानत होतो. रिपोर्टमध्ये कॅल्शियम २९० मिलिग्रॅम आले. माझ्या ७२ किलो वजनाला दर किलोमागे ४ मिलिग्रॅमची मर्यादा लावली तर नेमके काठावर. सोडियम २२० मिलिमोल, म्हणजे दिवसाला सुमारे १३ ग्रॅम मीठ. मीठ वाढले की मूत्रपिंडे कॅल्शियमही जास्त बाहेर टाकतात. मी मात्र शेजाऱ्यांच्या सल्ल्याने दूध सोडून बसलो होतो आणि पापड, लोणचे, फरसाण तसेच चालू होते. डॉक्टरांनी दूध पुन्हा सुरू करायला लावले, कारण जेवणातले कॅल्शियम ऑक्सलेटला, म्हणजे लघवीत कॅल्शियमशी मिळून खडे बनवणाऱ्या अन्नातल्या घटकाला, आतड्यातच बांधून ठेवते. तीन महिने मीठ कमी केल्यावर पुन्हा कॅन भरला, तेव्हा सोडियम १३० आणि कॅल्शियम २४८ होते.

म्हणून ज्याला एक दिवस पाळणे शक्य आहे त्याने, डॉक्टरांचा वेगळा सल्ला नसेल तर, कॅनच घ्यावा असे माझे मत आहे. घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, त्याच लघवीतून क्रिएटिनिनही मोजणार का, कारण साठवण पूर्ण झाली की नाही याचा अंदाज त्यावरूनच येतो. दुसरी, युरिक ॲसिडही तपासायचे आहे का, कारण ॲसिड घातलेल्या कॅनमध्ये ते खाली बसते आणि त्यासाठी वेगळी सोय करावी लागते.