पोच्या कथा-कविता एकाच खंडात : पावसाळाभर वाचल्यानंतर

अमेरिकी कथाकार-कवी एडगर ॲलन पोचा हा पेपरबॅक खंड जरूर घ्या, पण पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. या आवृत्तीत ना सालं दिलीत, ना टिपा, आणि कविता शेवटी कोंबल्यात. क्रम आपणच लावायचा. 1842 मध्ये हॉथॉर्न या लेखकाच्या कथांवर लिहिताना पोने स्वतःच सांगितलंय की कथा अर्ध्या तासापासून दोन तासांत, एका बैठकीत संपली पाहिजे. रोज थोडी थोडी वाचली तर ती हमखास निसटते.

सुरुवात 'द टेल-टेल हार्ट'ने (1843) करा. पाव तासाची कथा आहे. धारप-मतकरी वाचून आलेला वाचक इथे भूत शोधतो, पण सगळी भीती आहे ती निवेदकाच्या बोलण्यात. आपण वेडे नाही हे तो पटवत राहतो आणि वाक्यं तुटत जातात. त्या तुटण्याच्या जागी पोने लांब रेघा घातल्यात. म्हणून मोठ्याने वाचा आणि प्रत्येक रेघेशी थांबा. मग 'कास्क ऑफ अमोंटिलाडो' (1846). त्यातल्या घराण्याच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थ, मला डिवचणारा शिक्षेवाचून सुटत नाही, आधी माहीत हवा. अख्खी कथा त्यावर उभी आहे. 'फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' (1839) त्यानंतर. 'हाँटेड पॅलेस' ही कविता मागे वेगळी छापली असली तरी ती या कथेतच वाचावी. तिथे घराचा मालक रॉडरिक अशर ती गातो, आणि त्याचं मन ढासळतंय हे त्या गाण्यातूनच कळतं.

खरी अडचण 'गोल्ड-बग'मध्ये (1843) येते. त्यातली सांकेतिक चिठ्ठी चिन्हं मोजून सुटते: 8 हा आकडा सर्वांत जास्त, 33 वेळा, म्हणून तो इंग्रजीत सर्वाधिक येणारा 'ई'. या प्रतीत एक आडवी रेघ असलेला क्रूस (डी) आणि दोन रेघांचा क्रूस (ओ) सारखेच छापलेत. पेन्सिल घेऊन सोडवायला बसलात की गाडी तिथेच अडते. इथे बडोद्यात मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत किंवा कुठेही चांगली जुनी प्रत मिळाली तर तेवढं पान ताडून दुरुस्त करून घ्या.

'द रेव्हन' (1845) डोळ्यांनी वाचून हाती काही लागत नाही. 18 कडवी, प्रत्येकी सहा ओळी. पहिली ओळ 16 अक्षरांची, आठांवर मोडणारी; 'ड्रिअरी'ला 'विअरी'चं यमक त्या मोडावरच येतं. विषम अक्षरांवर टिचकी द्या, चाल आपोआप सापडते. दुसरी ओळ 15 अक्षरांची आहे, तिथे शेवटची टिचकी रिकामी सोडायची नाही, तिच्यावरच ओळीचा शेवटचा शब्द 'लोर' येतो. पुढे कडव्याच्या शेवटचा 'नेव्हरमोर'ही (पुन्हा कधीच नाही) त्याच जागी आदळत राहतो.

पोचा गुप्तहेर द्यूपाँ याच्या तीन कथांपैकी 'मारी रोजे' शेवटी ठेवा. न्यूयॉर्कमधल्या 1841 च्या खऱ्या मृत्यूवर बेतलेली आहे, पण वर्तमानपत्रांच्या उलटतपासणीने फार लांबते. त्यातल्याच 'रू मॉर्ग'ची (1841) पहिली काही पानं जड आहेत. ती सोडून पुढे जा, कथा संपल्यावर परत वाचा.

बांधणी नुसती डिंकाची, शिवण नाही. इथल्या उन्हाळ्यात पाठ तडकते आणि मधली पानं सुटतात. रावपुऱ्यातल्या बाइंडरकडून आधीच शिवून, कापडी पाठ लावून घ्या. मात्र आतला समास अरुंद आहे, तेव्हा टाके पाठीच्या अगदी कडेला घालायला सांगा, नाहीतर ओळींची सुरुवातच शिवणीत जाते.