रिपोर्टातल्या सगळ्या गाड्यांना एकच ओरखडा

कल्याणला माझं लहान मुलांच्या सामानाचं दुकान आहे. पाळणे, उंच खुर्च्या, बाबागाड्या. बरीच वर्षं मुंबईच्या होलसेलवाल्यांकडून माल उचलला. मग डोक्यात किडा वळवळला की हे सगळे चीनहूनच आणतात, आपण का नाही? आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी कोड, काढला आणि चीनमधल्या ग्वांगझूच्या कँटन फेअर या व्यापारी जत्रेला जाऊन आलो. तिथे एक एजंट भेटला, अस्खलित मराठी बोलणारा. परमुलखात कोणी ‘दादा, जेवलात का?’ विचारलं की माणूस विरघळतो. मीही विरघळलो.

त्याने चोंगशानच्या एका कारखान्याची गाडी दाखवली आणि नमुना कुरिअरने घरी पाठवला. गाडी खरंच चांगली होती. बहिणीच्या मुलाला बसवून सोसायटीत फिरवली, ब्रेक पायाच्या एका दाबात लागत होता. नमुना दुकानात मांडला आणि एका गिऱ्हाइकाने हट्टाने तोच नेला. 5,500 रुपये आले म्हणून मी खूश! पुढे आलेला माल कशाशी ताडून बघायचा, तर हातात फक्त कुरिअरची पावती उरली होती. पॅकिंगसह वजन 8.6 किलो.

ऑर्डर 600 नगांची, 21 डॉलरच्या भावाने 12,600 डॉलर. 30 टक्के आगाऊ, 70 टक्के माल भरायच्या आधी. माल जहाजावर चढण्यापूर्वी तपासून घ्यायचा असतो हे मला माहीत होतं, अगदीच अडाणी नव्हतो. एका तपासणी कंपनीने एका दिवसाचे 280 डॉलर सांगितले. एजंट म्हणाला, ‘दादा, कशाला घालवता? आपला माणूस आहे, 80 डॉलरमध्ये करून देतो.’ मी 200 डॉलर वाचवले.

34 पानांचा रिपोर्ट आला, फोटोंसकट. आयएसओ 2859 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्याप्रमाणे नेहमीच्या पातळीला 600 नगांच्या लॉटमधून 80 नग काढून बघतात. जिवाला धोका असलेला दोष एकही चालत नाही. मोठ्या दोषांची मर्यादा (एक्यूएल) 2.5 ठरवली असेल तर तक्त्यानुसार त्या 80 मध्ये 5 दोषांपर्यंत माल पास, 6 सापडले की नापास. माझ्या रिपोर्टात लिहिलं होतं: गंभीर 0, मोठे 2, किरकोळ 4, पास. सगळीकडे शून्य असतं तर कदाचित शंका आली असती. दोन दोष प्रामाणिकपणे दाखवलेत म्हणून उलट विश्वासच बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन उरलेले 8,820 डॉलर पाठवले. खातं हाँगकाँगचं आणि नाव कारखान्याचं नाही, हे फॉर्म भरताना बघितलं होतं. बघितलं आणि सही केली.

न्हावाशेवाला काही अडलं नाही. गाडीपुढे खुळखुळ्यांची दांडी होती ती आमच्या सीएचएने, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटने, आधीच काढून टाकायला लावली होती. खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसचं, म्हणजे आयएसआय मार्कचं, बंधन आहे, उगाच प्रश्न नको म्हणून. भिवंडीच्या गोदामात हमाल दोन-दोन खोके एकदम उचलून ठेवत होते. काय झपाट्याने काम करतात, म्हणून मी त्यांना वर चहा पाजला.

तिसऱ्या आठवड्यात डोंबिवलीच्या एक ताई गाडी परत घेऊन आल्या. पार्किंगच्या उतारावर ब्रेक लावून त्यांनी बाळाला उचललं आणि कुलपाकडे वळल्या, तेवढ्यात गाडी घरंगळत थेट गेटवर गेली. खालच्या पिशवीतले टोमॅटो सगळीकडे. त्या भांडल्या नाहीत. ‘बाळ आत असतं तर?’ एवढंच विचारलं.

त्या रात्री शटर ओढून बसलो. बाबागाड्यांच्या ईएन 1888 या युरोपियन मानकात ब्रेकची परीक्षा 9 अंशांच्या उतारावर घेतात. एक मीटरच्या फळीचं एक टोक साधारण 16 सेंटिमीटर उचललं की तेवढा उतार होतो. फळी घेतली, गाडीत 10 किलो तांदूळ आणि 5 किलो गहू ठेवले, ब्रेक दाबला. गाडी क्षणभर थांबली आणि मग टक् आवाज करून सुटली. पेडलखालची प्लॅस्टिकची खुंटी काढून बोटांनी वाकवली, तर वाकलेल्या जागी पांढरी रेघ उमटली आणि तिथेच ती मोडली. भंगार प्लॅस्टिक पुन्हा वितळवून केलेली. 40 गाड्या तपासल्या, 11 सुटल्या.

त्याहून वाईट गोष्ट घडीची. उघडी गाडी अचानक मिटू नये म्हणून मुख्य खटक्याला दुसरा एक अडकाव असतो. नमुन्यात तो होता. या मालात त्याचा फक्त आकार होता, आत स्प्रिंगच नाही. बिजागरीची फटही उघडी, माझी करंगळी आरामात जात होती. 2009 साली मॅक्लारेनसारख्या नावाजलेल्या कंपनीला अमेरिकेत सुमारे 10 लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांसाठी कव्हर द्यावी लागली होती. मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या 12 तक्रारी होत्या. फट दिसायला किती क्षुल्लक!

मग तो 34 पानी रिपोर्ट पुन्हा काढला आणि फोटो मोठे करून बघितले. हँडलच्या डाव्या टोकाला अर्धचंद्रासारखा एक ओरखडा. पान 9 वर, 12 वर, 17 वर, 26 वर, सगळीकडे तोच. 80 गाड्या म्हणून एकच गाडी फिरवून फिरवून टिपली होती. खोक्यांचे नंबरही दोनच, 14 आणि 15.

चीड आली ती यापुढच्या कागदाची. जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, ज्याला व्हीजीएम म्हणतात, ते जुलै 2016 पासून जगभर सक्तीचं आहे. फॉरवर्डरने, म्हणजे जहाजाने माल पाठवायची व्यवस्था बघणाऱ्याने, ते मला ईमेलने पाठवलं होतं, मी उघडलं नव्हतं. 8,520 किलो. त्यातून रिकाम्या कंटेनरचे 3,900 वजा केले की 4,620, म्हणजे खोक्याला 7.7 किलो. पॅकिंग लिस्टवर 8.6. प्रत्येक गाडीतून 900 ग्रॅम गायब, पाइपची जाडी आणि प्लॅस्टिक धरून. वजाबाकी-भागाकार चौथीच्या पोराचा, पण मी केलाच नाही. निदान गोदामात उतरवतानाच कळलं असतं, एकही गाडी विकली गेली नसती.

गाडी तपासल्याचा प्रयोगशाळेचा दाखला मात्र खरा निघाला. नंबर टाकून प्रयोगशाळेला विचारलं, त्यांनी होकार दिला. फक्त त्यातला फोटो दुसऱ्याच मॉडेलचा होता. आणि ‘कारखान्या’च्या परवान्यावरचा अंक-अक्षरांचा 18 खुणांचा कोड एका जाणकाराला दाखवला, तर नोंदवलेल्या व्यवसायात नुसती विक्री, उत्पादन नाहीच.

एजंट म्हणाला, ‘दादा, प्रवासात धक्के बसले असतील.’ त्यानंतर नुसत्या निळ्या टिका. वकिलाने करार मागितला. माझ्याकडे फक्त प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे मालाआधी येणारं कच्चं बिल, त्यावर ‘बेबी स्ट्रोलर, 600 नग, निळा-राखाडी’ एवढंच. पाइप किती जाड, ब्रेक किती उतारावर टिकला पाहिजे, नापास झाला तर पैशांचं काय, एक ओळ नाही. वकिलाने फी घेतली नाही, यावरून काय ते समजा.

आता मागवतो तेव्हा दोन नमुन्यांवर सही करून एक त्यांच्याकडे, एक माझ्या कपाटात, सीलबंद. तपासनीस मी निवडतो, पैसे मी देतो, आणि खोक्यांचे नंबर त्याच दिवशी सकाळी मी फोनवर सांगतो: 37, 212, 418, मनाला येतील ते. मागच्या खेपेला एका कारखान्याने ‘मागच्या थप्पीतली खोकी काढता येणार नाहीत, जागा नाही’ म्हटलं. तपासनीस परत आला, पैसे थांबले, तीन दिवसांत जागा झाली.

त्या 600 पैकी 163 विकल्या गेल्या होत्या. बिलावर फोन नंबर होते त्या 125 जणांना फोन करून पैसे परत दिले, काहींनी शिव्या दिल्या त्याही घेतल्या. उरलेल्या गाड्या ब्रेक आणि सांधे तोडून भंगारात घातल्या. 38 गाड्या रोखीने, नंबर न घेता गेल्या आहेत, त्या कुठे आहेत मला माहीत नाही. निळी-राखाडी गाडी, मागच्या चाकांमध्ये पिवळं ब्रेक पेडल, हँडलला काळा फोम. कल्याण-डोंबिवली-बदलापूरकडे कोणाच्या घरी असेल तर बाळाला त्यात बसवू नका, दुकानात आणून द्या. बिल नसलं तरी चालेल.